गरम करणे : शून्य

३ नोव्हेंबर

साहेब,

घरी तुला धाकट्या म्हणायचो, पण आज तुमच्या खात्याचा कागद दुकानात आला आणि त्यावर डाव्या कोपऱ्यात तुझ्या विभागाचं नाव छापलेलं आहे, म्हणून साहेब. चार वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. बहिणीला काहीतरी हवं असणार, असं समजून पाकीट बंदच ठेवू नकोस. मला मदत नको आहे. उद्या तुमच्या कचेरीत चहाच्या वेळी कुणीतरी हा किस्सा हसत हसत सांगेल आणि त्यातली बाई कोण हे तुला आधीच ठाऊक असावं, एवढ्यासाठी लिहिते.

माझ्यावर आरोप असा आहे : ‘मान्यताप्राप्त दुकानाच्या जागेत, विक्रीपूर्वी अथवा विक्रीनंतर, अन्न गरम करून देणे.’ दोन डिसेंबरला सुनावणी. खुलासा पटला नाही तर कार्डाचं मशीन काढून नेणार.

आत्ताचं दुकान तू पाहिलेलं नाहीस. काउंटर बाबांचंच आहे, डाव्या बाजूला झिजलेलं. समोर गोदाम होतं ना, तिथे आता भाड्याच्या खोल्या झाल्यात, छत्तीस. बहुतेक एकेकटी माणसं राहतात. दोन वर्षांपूर्वी एका खोलीत आग लागली, तेव्हा मालकानं सगळ्यांच्या शेगड्या उचलून नेल्या. आता खोलीत पाणी तापवायची किटलीसुद्धा चालत नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे तुमचं अन्नमदतीचं कार्ड आहे. सरकार त्यात महिन्याला पैसे भरतं आणि तुमच्या यादीत बसेल तेवढंच त्यावर घेता येतं. यादी तुला मी काय सांगणार, ती तुझ्याच टेबलावर तयार होते. पण त्यातली एक ओळ मला पाठ आहे. गरम अन्न कार्डावर मिळत नाही, थंड मिळतं. तोच भात, तोच रस्सा. गार असला तर गरज, वाफ आली की चैन.

म्हणून मी काय करते ते ऐक. सकाळी स्वयंपाक करते, तो गार होऊ देते, डब्यांत भरते, झाकणं चिकटवते आणि फ्रीजमध्ये लावते. हे यादीत चोख बसतं. गिऱ्हाईक येतं, कार्ड घासतं, डबा त्याचा होतो. मग कोपऱ्यात माझी विजेची शेगडी आहे, तिच्यावर पातेलं ठेवून त्याचा डबा त्याला गरम करून देते. त्याचे पैसे घेत नाही.

सापडले कशी? तेही सांगते, तुला हसू येईल. तपासणीला एक मुलगी आली होती, खांद्यावर तिच्याहून मोठी बॅग. शेगडी तिला दिसलीही नव्हती, पुढे बटाट्याचं पोतं होतं. तिनं दारातल्या एका म्हाताऱ्याच्या हातातलं बिल मागितलं आणि वाचलं. त्यावर लिहिलं होतं : भात-रस्सा डबा एक. आणि त्याखाली : गरम करणे, शून्य.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“गरम केलं, त्याची नोंद,” मी म्हटलं.

“पण पैसे नाही घेतले तर नोंद कशाला?”

आता तिला काय सांगणार? तिचे बाबा आपले बाबा नव्हते. काउंटरवरून जे पलीकडे जाईल ते बिलावर आलं पाहिजे, फुकट असलं तरी. पोराला गोळी दिली, ‘गोळी, शून्य’. कुणी सायकलला हवा भरून घेतली, ‘पंप, शून्य’. तुझं अक्षर चांगलं म्हणून ते तूच लिहायचास, स्टुलावर उभा राहून, जीभ बाहेर काढून. मी बिलाचं यंत्र घेतलं तेव्हा त्या कारागिराला सांगून ‘गरम करणे’चं बटण मुद्दाम बसवून घेतलं. तो म्हणाला, बाई, शून्याचं बटण आयुष्यात पहिल्यांदा बसवतोय.

नियम मोडायचा असता तर बिल देऊन मोडला असता का? तूच सांग. नको, सांगू नकोस. मदत मागत नाही असं वर लिहिलंय.

— ताई


१० नोव्हेंबर

साहेब,

उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, फक्त पोस्टमन रस्त्यानं जातो तेव्हा माझे हात आपोआप थांबतात, त्याला मी काय करू?

इथे सगळ्यांना कळलं आहे. ज्याच्या हातातलं बिल पकडलं गेलं त्या म्हाताऱ्याला आम्ही मफलर म्हणतो. उन्हाळ्यातही गळ्यातला मफलर काढत नाही. कुठल्याशा कारखान्यात पहारेकरी होता. तीन दिवस तो दुकानाकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी मीच रस्ता ओलांडून त्याच्या दारावर थाप मारली. पलंगावर बसून पाव पाण्यात बुडवून खात होता.

“माझ्यामुळे झालं ना,” म्हणाला.

“तुमच्यामुळे काय डोंबल झालं? बिल मी दिलं, तुम्ही फक्त हातात धरलं. चला, डबा फ्रीजमध्ये वाट बघतोय.”

आला बिचारा. खाताना डोळे पुसत होता. वाफेनं होतंय म्हणाला, मी म्हटलं असेल.

दुसरी आमची परीटबाई. लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते, दिवसभर वाफेत, आणि खोलीवर येऊन गार जेवायचं. तिनं मात्र मला फैलावर घेतलं. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो ते शून्य छापायला? सगळं जग गुपचूप करतं. तुम्ही ढोल वाजवून केलंत.” मी म्हटलं, गुपचूप करायला मी चोरी करत नव्हते. ती म्हणाली, “हो, पण आता आमच्या जेवणावर गदा आली ना?” तिचं खरं होतं. ते तुझ्यापाशी कबूल करते. तिच्यापाशी नाही केलं.

तिसरा गवंडी. पाय मोडल्यापासून कामावर नाही, पण सल्ले द्यायची हौस दांडगी. तो म्हणतो शेगडी मागच्या अंगणात न्या. मग म्हणतो छतावर न्या. काल म्हणाला हातगाडीवर बसवा, तपासणी आली की ढकलू. मी म्हटलं, पाय धड नाही तुझा, ढकलणार कोण? मग सगळे हसले आणि तेवढ्यापुरती नोटीस विसरली.

तुमची यादी मी परत काढून वाचली, सबंध. करमणूक आहे रे ती. बर्फ चालतो. साबण चालत नाही. केक चालतो, पण त्यावरचं खेळणं केकच्या निम्म्या किमतीपेक्षा महाग नको. भाजीचं बी चालतं आणि रोपंही चालतात. म्हणजे छत्तीस खोल्यांतल्या माणसानं कार्डावर टोमॅटोचं बी घ्यावं, ते खिडकीत पेरावं, तीन महिने ताटकळावं, आणि टोमॅटो आल्यावर तो गारच खावा. हे कुणाच्या डोक्यातून आलं? तुझ्या असेल तर तुला लहानपणी कुंडी दिली होती त्याचा मला पश्चात्ताप होतो.

मशीन गेलं तर ही माणसं माझ्याकडे कार्ड घासू शकणार नाहीत. मोठं दुकान दोन बसथांबे लांब आहे, तिथून थंड डबे आणतील आणि थंडच खातील. माझ्या गल्ल्याचं जे व्हायचं ते होईल. मला घोर आहे तो या माणसांच्या ऊन घासाचा. एवढंच धोक्यात आहे, साहेब, पण माझ्या दृष्टीनं ते पुष्कळ आहे.

— ताई


१८ नोव्हेंबर

धाकट्या,

आलं तुझं पत्र. पत्र कसलं, टाइप केलेला कागद. खाली सही नाही, वर ‘ताई’ नाही. पाकिटावरचा पत्ता तेवढा हातानं लिहिलेला आहे, त्यावरून ओळखलं. अजून तुझ्या अक्षरात काना वर जाताना जरा वाकतो.

‘संबंधित नोंद बिलाच्या यंत्रातील बिघाडामुळे छापली गेली, प्रत्यक्षात असा कोणताही प्रकार घडलेला नाही, असा खुलासा दुकानदाराने केल्यास प्रकरण ताकीद देऊन मिटविण्यात येते.’

मिटविण्यात येते म्हणे. मिटवतं कोण? तू का तो कागद?

राग आला. पण खरं सांगते, त्याआधी सुटल्यासारखं वाटलं. दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. “साहेब, यंत्रात बिघाड होता.” चांगलं जमलं. दुसऱ्यांदा आणखी चांगलं. तिसऱ्यांदा म्हणत होते तेवढ्यात परीटबाई दारात येऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

“असंच बोला,” ती म्हणाली. “अगदी असंच. वाटलं तर थोडं रडा.”

तिचा डबा शेगडीवर ठेवला. ती दोन्ही तळवे पातेल्याच्या बाजूला धरून उभी राहिली. दिवसभर इस्त्री धरलेले हात, त्यांना ऊब कशाला हवी, पण ती रोज तशी उभी राहते. मी बिल काढलं. बोट त्या बटणापाशी गेलं आणि थांबलं. परीटबाई बघत होती. दाबायचं की नाही?

दाबलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

म्हणजे तुझा सल्ला साभार परत. ‘असा कोणताही प्रकार घडलेला नाही’ हे मी म्हणणार नाही. घडला आहे. रोज घडतो आहे, दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहाच्या पुढे. आज मी तो घडलाच नाही म्हटलं, तर पुढच्या वेळी कुणीही येऊन सांगेल की या माणसांना गरम जेवायची गरजच नव्हती, तशी नोंद कुठे आहे दाखवा.

मला एवढंच कळत नाही, की तू हे पाठवलंस ते मला वाचवायला की स्वतःला. बहुतेक दोन्ही. लहानपणीही तू भांडणात मध्ये पडायचास ते माझा मार चुकावा म्हणून, आणि आपल्यावर बालंट येऊ नये म्हणूनही.

— ताई


२४ नोव्हेंबर

धाकट्या,

आज जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुला वाटत असेल की ताई हट्टाला पेटली आहे, तिला हुतात्मा व्हायची हौस आली आहे. म्हणून लिहिते.

तुझे भावोजी आजारी पडले त्या वर्षी दुकान बंद होतं, ते तुला माहीत आहे. माल संपला, मग घरातलं विकायला लागले, मग गॅस तोडला. मी कार्डासाठी अर्ज केला. तुझा फोन आला. “ताई, माझ्याच खात्यात माझी बहीण लाभार्थी? मी तिथे तोंड कसं दाखवू? ते कार्ड परत कर.” मी म्हटलं, केलं.

नव्हतं केलं. सात महिने वापरलं. दोन बसथांबे लांबच्या मोठ्या दुकानात जायचे, डोक्यावरून शाल घेऊन, आपल्या गल्लीतलं कुणी दिसलं तर परत फिरायचे. हे खोटं मी तुझ्याशी बोलले आणि चार वर्षं ते माझ्या घशात आहे. तू अबोला धरलास असं मी सगळ्यांना सांगते. तुला फोन न करण्यात माझाही हात होता. तू विचारशील आणि मला दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागेल, याची भीती होती.

आता ती दुपार. भावोजींना खोकल्यानं झोप नव्हती, अन्न जात नव्हतं. सकाळी म्हणाले, “काहीतरी ऊन ऊन दे गं.” लग्नाच्या इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी मोठ्या दुकानात गेले. काचेच्या कपाटात भाजलेल्या कोंबड्या आणि मोठ्या पातेल्यात सूप होतं, वाफ येत होती. मी सूप मागितलं, कार्ड दिलं. गल्ल्यावरच्या मुलीनं दोनदा घासलं. “आजी, हे गरम आहे ना, कार्डावर चालत नाही.” ‘आजी’ म्हणाली मला. मी तेव्हा पन्नाशीचीही नव्हते.

मग दया येऊन हळूच म्हणाली, “चार वाजता उरलेलं डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवतात. तेव्हा या, तेव्हा चालेल.”

एक वाजला होता. ट्रॉल्या ठेवतात तिथे एक बाक आहे, तिथे मी बसले. समोर ते पातेलं. तीन तास मी ते सूप गार व्हायची वाट बघत बसले, धाकट्या. माझ्या आजारी माणसासाठी ऊन सूप न्यायला आले होते आणि ते लवकर गार होऊ दे म्हणून बसले होते. चार वाजता त्यांनी भरलं, मी कार्डावर घेतलं. तोच पदार्थ, तीच मुलगी, तेच कार्ड. बसमध्ये डबा शालीखाली पोटाशी धरून बसले, थोडा तरी कोमट व्हावा म्हणून. घरी गॅस नव्हताच.

चार चमचे प्यायले. “छान आहे,” म्हणाले. एरवी कधी खोटं बोलायचे नाहीत.

त्यानंतर बारा दिवसांनी गेले. तू आलास, अर्धा तास थांबलास, घड्याळ बघितलंस. त्याबद्दल आज नाही बोलत. पण त्या बारा दिवसांत मी त्यांना एकही गरम घास देऊ शकले नाही. शेजारी मागता आलं असतं. मी मागितलं नाही, मला लाज वाटली. ती लाज माझी होती, ती तुझ्यावर ढकलणार नाही. पण नियम तुमचा होता, तो मी माझ्या अंगावर घेणार नाही.

पुन्हा दुकान उघडलं तेव्हा फळीवर माल लावायच्या आधी मी ती शेगडी आणली.

— ताई


३ डिसेंबर

धाकट्या,

काल सुनावणीला तू त्याच खोलीत होतास, तरी लिहिते. तुमच्या इतिवृत्तात हे असं येणार नाही.

मला वाटलं होतं तू कुठेतरी दुसऱ्या मजल्यावर तोंड लपवून असशील. मोठ्या साहेबांनी “नियम विभागाकडून कलम वाचून दाखवा” म्हटलं आणि कोपऱ्यातून तू उठलास. केस किती पिकलेत रे तुझे! मला पाहून कागद चाळायला लागलास. दोन खुर्च्यांचं अंतर, आणि आपण कोण हे त्या खोलीत कुणाला माहीत नाही. मी नातं सांगितलं नाही ते तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. मला माझी बाजू माझ्या पायांवर उभी राहून मांडायची होती, कुणाची बहीण म्हणून नाही.

तू वाचलंस. ‘विक्रीपूर्वी अथवा विक्रीनंतर’ इथे तू थांबलास. तू पाणी प्यायलास आणि सगळ्यांना वाटलं घसा बसलाय. मला कळलं की माझं मागचं पत्र तू वाचलं आहेस.

तुमचे मोठे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला वाट करून द्यायचा किती प्रयत्न केला! “बाई, यंत्रात बिघाड होता, असं आपलं म्हणणं आहे का?” मी पदर सावरला. “म्हणजे ती ओळ आपोआप छापली गेली असेल?” तू कागदाकडे बघत होतास, तुझं पेन हलत नव्हतं. मागे परीटबाई बसली होती. अर्धा दिवस रजा टाकून आली होती, मी नीट रडते की नाही ते बघायला.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “बटण मी बसवून घेतलंय, बोट माझं आहे आणि गरमही मीच केलं.”

“मग नियम माहीत नव्हता?”

“माहीत होता. तुमच्यापेक्षा जवळून माहीत होता.”

ते म्हणाले, मदत घरच्या स्वयंपाकासाठी आहे, तयार गरम जेवण हा खाणावळीचा भाग आला. मी विचारलं, घरात शेगडीच नसेल तर? ते म्हणाले, तो घरमालकाचा प्रश्न. मी म्हटलं, मालक म्हणतो तो आगीच्या बंबवाल्यांचा प्रश्न. त्यांना विचारलं तर ते म्हणतात खात्याला विचारा, म्हणून आले. एवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. ट्रेमध्ये सहा कप, सगळ्यांतून वाफ निघत होती. मोठ्या साहेबांनी आपला कप बशीनं झाकला आणि बाजूला सरकवला. मी माझा घेतला आणि प्यायले. चांगला होता.

सहा महिने दुकानाची मान्यता रद्द, मशीन बंद. पुढचं वर्तन बघून विचार. खाली उतरताना परीटबाई माझ्या पुढे पुढे चालत होती. बसमध्ये बसल्यावर तिनं माझा हात धरला आणि आपल्या थांब्यापर्यंत सोडला नाही.

— ताई


२० डिसेंबर

धाकट्या,

मशीन न्यायला तीच बॅगवाली मुलगी आली होती. “सॉरी” म्हणाली. मी तिला वायर गुंडाळून दिली आणि ‘मशीन परत, शून्य’ असं बिल हातात ठेवलं. बिचारीला हसावं की रडावं कळेना.

पहिला आठवडा वाईट गेला. माझ्याकडे रोखीनं डबा घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. सगळे बसनं मोठ्या दुकानात जायचे आणि पिशव्या घेऊन माझ्या दारावरून पुढे जायचे, मान खाली घालून, जणू त्यांनीच काही केलंय. मफलर तर पिशवी पाठीमागे लपवायचा. मी रिकाम्या फ्रीजसमोर बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होते. हे खोटं नाही सांगत.

मग गवंडी आला. कुबडी दाराला टेकवली आणि मोठ्या दुकानातला गार डबा काउंटरवर ठेवला.

“ताई, एक विचारू? तुम्ही आता खात्याच्या दुकानदार आहात की नाही?”

“नाही. काढलं ना मला.”

“मग तो नियम कुणाला आहे?”

या माणसाचे सल्ले मी महिनाभर थट्टेवारी नेले होते. मी यादी काढली, चष्मा लावला. तू वाचलंस तेच कलम. ‘मान्यताप्राप्त दुकानाच्या जागेत.’ मान्यता तुम्हीच काढून घेतलीत. म्हणजे आता इथे नियम मोडायला दुकानच उरलं नाही. आता मी नुसती एक बाई आहे जिच्याकडे शेगडी आहे. बाईनं आपल्या शेगडीवर शेजाऱ्याचा डबा ऊन करू नये, असं तुझ्या यादीत कुठे लिहिलंय? मी सबंध वाचली. बर्फापासून बियाण्यापर्यंत. कुठेच नाही.

गवंड्याचा डबा गरम केला. तो पातेल्यातच जेवला. संध्याकाळी सहाजण आले, दुसऱ्या दिवशी पंधरा. एका शेगडीवर भागेना म्हणून मोठा फ्रीज विकून आणखी दोन आणल्या. आता डबे भरायचे नसतात म्हणून जागाही झाली आहे. परीटबाईनं लाँड्रीतलं जुनं टेबल आणून मध्ये टाकलं. पूर्वी सगळे डबा घेऊन खोलीवर जायचे, आता इथेच बसून जेवतात. गोंगाट असा असतो की माझा रेडिओ मला ऐकू येत नाही.

दुकान तोट्यात आहे. तेल, साबण, काड्यापेट्या यांवर किती दिवस चालेल देव जाणे. पण मी इतकी चांगली झोपले नव्हते कित्येक वर्षांत.

— ताई


१२ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. या वेळी हातानं लिहिलेलं, वर ‘ताई’ आणि खाली सही. दोनच वाक्यं आहेत.

पहिलं वाक्य : ‘मी मोठ्या साहेबांना सांगितलं, की त्या दिवशी माझ्यासमोर उभी होती ती माझी बहीण आहे, आणि तिनं सूप गार व्हायची वाट पाहिली तेही सांगितलं.’ हे मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग मफलरला वाचून दाखवलं. तुला हे सांगताना काय झालं असेल ते मला कळतं. तुझी बढती अडली तर मला दोष देऊ नकोस, पण अडली तर मला कळव. जेवायला इथे ये, घड्याळ घरी ठेवून.

दुसरं वाक्य : ‘सोबतच्या अर्जावर सही कर, शेगडी काढल्याचा फोटो जोड, महिन्याभरात मशीन परत मिळेल.’

तू चांगल्या मनानं पाठवलास, म्हणून फाडला नाही. अर्ज मी इथल्या सगळ्यांना वाचून दाखवला. त्यांचंच जेवण, त्यांनाच विचारायला हवं होतं. मशीन परत आलं तर बसचा हेलपाटा वाचेल, डबा समोरच मिळेल, फक्त गार. मग परीटबाई म्हणाली, “मी जाईन की बसनं.” आणि तिनं आपलं पातेलं शेगडीवरून उतरवलं, म्हणजे दुसऱ्याला जागा व्हावी.

म्हणून अर्ज भरून परत पाठवते. नाव, पत्ता, सगळं नीट. ‘शेगडी काढली आहे काय’ याच्यापुढे ‘नाही’ लिहिलंय. ‘कारण’ या रकान्यात जागा कमी होती, ती कोरी ठेवली आहे. फोटो मात्र जोडलाय, बॅगवाल्या मुलीनं काढलाय. ती अधूनमधून जेवायला येते, तिचाही डबा गारच असतो. फोटोत तीन शेगड्या आहेत, तिन्ही पेटलेल्या. टेबलाभोवती अकरा माणसं आहेत आणि वाफेमुळे त्यांतल्या चौघांचे चेहरे दिसत नाहीत. मधली पदर खोचलेली मी.

तो तुमच्या फायलीत लाव. माझी सही खाली आहे, पूर्ण नावानिशी.

— तुझी ताई